‘सर्व हक्क कंपनीचे’ : सही करण्याआधी गीतकाराने काय जोखावं

गाणं लिहिणाऱ्याला आता मुंबई-पुणे गाठावं लागत नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात बसून कुणी भीमजयंतीचं गाणं लिहितं, ओळखीच्या गायकाकडून म्हणवून घेतं, मोबाइलवरून चार गटांत टाकतं. गाणं फिरू लागलं की एखाद्या म्युझिक कंपनीचा फोन येतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, शब्दांचं कौतुक करतो, रक्कम सांगतो आणि एक पीडीएफ पाठवतो. तो करार बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. त्यात ‘वर्क फॉर हायर’ हे तीन शब्द असतात, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे’ अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य असतं, आणि खाली सहीची जागा असते. ‘आजच सही करून पाठवा, रात्रीपर्यंत पैसे जमा होतील,’ असंही सांगितलं जातं.

हा लेख त्या सहीआधीच्या वेळेसाठी आहे. एकरकमी पैसे घेऊन गाणं देणं यात काहीही कमीपणा नाही. घरात पैशांची गरज असते, स्टुडिओचं भाडं थकलेलं असतं, आणि आपलं गाणं आपणच गाजवू शकू अशी खात्रीही नसते. शिवाय मागणीवरून लिहिलेलं काम हलकं असतं, असंही नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीसाठी तयार झालं. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर चाललेल्या त्या कार्यक्रमाची ५६ गीतं प्रसारणाचं वेळापत्रक सांभाळत लिहिली गेली. तेव्हा काम सांगून घेतलेलं आहे का, यावर काही अडत नाही. सहीने आपल्याकडून काय जातं, काय उरतं आणि कायद्यामुळे काय जाऊच शकत नाही, हे ओळखल्यावर समोर ठेवलेली रक्कम पुरेशी वाटते का, ते पाहायचं असतं.

एका गाण्यात चार मालमत्ता

आपण ‘गाणं विकलं’ असं म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात किमान चार वेगवेगळे हक्क असतात.

पहिला शब्दांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत ही साहित्यकृती आहे आणि तिचा कर्ता गीतकार. दुसरा चालीचा. चाल ही संगीतकृती आहे. तिच्यात शब्द धरले जात नाहीत आणि तिचा कर्ता संगीतकार. तिसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात त्याचा. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने निर्माता असतो, म्हणजे ते मुद्रण करण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा. चौथा गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क.

शहरात ही चार कामं चार जण करतात. खेडेगावात बऱ्याचदा एकच माणूस शब्द लिहितो, चाल बांधतो, स्वतः गातो आणि गेवराई किंवा बीडच्या स्टुडिओत खिशातले पैसे भरून मुद्रणही करतो. असा माणूस चारही हक्कांचा धनी आहे. कंपनीचा करार मात्र एका वाक्यात, एका रकमेत हे चारही हक्क मागतो. म्हणून वहीच्या एका पानावर आधी लिहून काढावं : शब्द कुणाचे, चाल कुणाची, मुद्रणाचा खर्च कुणी केला, गायलं कुणी. प्रत्येक नावापुढे हक्क ‘द्यायचा’ की ‘राखायचा’ हे लिहावं. किमतीची बोलणी त्यानंतर.

चालीच्या रकान्यात विशेष प्रामाणिक असावं. भारुड, ओवी, गोंधळ यांच्या पारंपरिक चालींवर कुणाची मालकी नसते. त्या चालीवर तुम्ही लिहिलेले नवे शब्द तुमचेच. पण गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर शब्द बसवले असतील, तर ती चाल दुसऱ्याची आहे. कंपनीच्या करारात ‘ही रचना पूर्णपणे माझी आहे, कुणी दावा केल्यास नुकसानभरपाई मी देईन’ असं हमीचं कलम जवळजवळ नेहमी असतं. उसन्या चालीच्या गाण्यावर असं कलम मान्य करणं म्हणजे कोर्टाचा खर्च स्वतःच्या नावावर लिहून घेणं. जे शब्द तुमचे आहेत त्यांचीच हमी द्या, आणि चाल कुठून आली हे करारात स्पष्ट लिहायला लावा.

‘वर्क फॉर हायर’ आपल्याकडे कुठवर चालतं

हा शब्दप्रयोग अमेरिकी कायद्यातून आला. तिथे १९७६ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं ठरतं. बाहेरच्या माणसाकडून सांगून घेतलेलं कामही तसं ठरू शकतं, पण त्यासाठी ते कायद्याने दिलेल्या नऊ प्रकारांपैकी एखाद्यात बसावं लागतं आणि दोन्ही बाजूंनी सह्या केलेला लेखी करार लागतो. चित्रपटासारख्या दृक्‌श्राव्य कृतीचा भाग म्हणून सांगितलेलं काम त्या यादीत आहे, सुटं गाणं नाही. एकदा काम असं ठरलं की तिथे कंपनीच कर्ता मानली जाते. साध्या हस्तांतरात अमेरिकी लेखकाला ३५ वर्षांनंतर हक्क परत मागण्याची संधी असते. ‘वर्क फॉर हायर’मध्ये तीही राहत नाही.

भारतात मांडणी वेगळी आहे. कायद्याच्या १७ व्या कलमानुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. याला अपवाद आहेत. नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम वेगळं ठरलेलं नसेल तर मालकाचं होतं. म्हणजे एखाद्या वाहिनीत पगारावर असलेल्या लेखकाने तिथल्या कामासाठी लिहिलेलं शीर्षकगीत त्या वाहिनीचं. पण उमापुरात राहून, आपल्या वेळेत, आपल्या मर्जीने, एका गाण्याचे ठरलेले पैसे घेऊन लिहिणारा गीतकार नोकर नसतो. त्याच्या बाबतीत ‘वर्क फॉर हायर’ या तीन शब्दांनी मालकी आपोआप बदलत नाही. मालकी बदलते ती हक्क हस्तांतराच्या कलमाने, म्हणजे ‘मी माझे हक्क कंपनीला देत आहे’ अशा अर्थाच्या मजकुराने आणि त्याखालच्या सहीने. वकिलांना हे ठाऊक असतं, म्हणून अशा करारात पुढच्याच ओळीत ‘आणि तसं न ठरल्यास लेखक याद्वारे सर्व हक्क हस्तांतरित करतो’ असं वाक्य जोडलेलं असतं. नजर त्या वाक्यावर ठेवावी.

यातून एक आधार मिळतो. हस्तांतरासाठी लेखी मजकूर आणि हक्क देणाऱ्याची सही लागते. फोनवर ‘हो’ म्हटल्याने किंवा खात्यात पैसे आल्याने हक्क जात नाहीत. तरी चॅटवर ‘सगळे हक्क तुमचे’ असं लिहून पाठवू नये. तसा होकार पुढे वादाचं कारण होतो.

करारातला आणखी एक शब्द पाहावा : कोणत्या देशाचा किंवा राज्याचा कायदा लागू. परदेशी कंपनी असेल तर तिथला कायदा लागू होईल असं लिहिलेलं असतं. तो मान्य केला तर पुढची सगळी गणितं बदलतात. भारतीय कायदा लागू राहावा, हा आग्रह धरावा.

२०१२ ने काय राखून ठेवलं

चित्रपटगीतांचे पैसे गीतकार-संगीतकारांना दीर्घकाळ एकरकमीच मिळत. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीची मागणी लावून धरली. त्यावरून महंमद रफींशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गायलं नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या ‘आयपीआरएस’ या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला : निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. त्यानंतर जवळपास ३५ वर्षं गाण्यांची रेडिओ, कॅसेट, कॉलर ट्यून अशी नवी कमाई मुख्यतः निर्माते आणि कंपन्यांकडे गेली.

२०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं. तेव्हा राज्यसभेचे सदस्य असलेल्या जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी सभागृहात आणि बाहेर जोर लावला होता. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीतल्या तीन आणि कायद्यात त्याआधीपासून असलेली एक, अशा चार गोष्टी प्रत्येक गीतकाराने लक्षात ठेवाव्यात.

एक, चित्रपटातलं गाणं असो वा सुटं, हक्क हस्तांतरित केले तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडेच राहतो. हा वाटा हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने असतो. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेकडे देता येतो. ‘या रकमेत सर्व रॉयल्टी समाविष्ट आहे, पुढे काही मागणार नाही’ असं कलम लिहून घेतलं तरी ते रद्दबातल ठरतं. अपवाद एकच : चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं दाखवलं जातं तेव्हाचा.

दोन, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क त्याचं नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. कॅसेटच्या काळातल्या करारांवर पुढे कॉलर ट्यून विकल्या गेल्या, तसं पुन्हा होऊ नये यासाठी ही तरतूद आहे. म्हणून नव्या करारांत माध्यमांची लांब यादी असते. संगणकाला गाणी शिकवण्यासाठी तुमची रचना किंवा आवाज वापरण्याची परवानगी त्या यादीत आहे का, हे आवर्जून पाहा, आणि नको असेल तर खोडायला सांगा.

तीन, आणि ही तरतूद २०१२ च्या आधीपासूनची : हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कंपनीने हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत तर ते परत येतात, मात्र करारात वेगळं ठरलेलं नसेल तरच. कंपन्या ‘कायमचे’, ‘जगभर’, ‘वापरणं बंधनकारक नाही’ असं लिहितात ते याचसाठी. या तीन शब्दांना किंमत असते आणि ती वेगळी मागता येते.

चार, गायकालाही आपल्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क मिळाला.

याशिवाय ५७ व्या कलमाचा हक्क पूर्वीपासून आहेच. हक्क दिले तरी कृतीचा कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊन आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसला तर दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. पांडुरंगाच्या गाण्याचं कुणी अश्लील रिमिक्स केलं, तर हे कलम कामाला येतं.

हे सगळं वाचून एक गैरसमज होऊ नये. कायद्याने राखलेली रॉयल्टी शब्द आणि चाल यांच्या वापराची आहे. मास्टरची कमाई वेगळी असते आणि ऑनलाइन उत्पन्नात तिचा भाग बराच मोठा असतो. मास्टरमधला वाटा हवा असेल तर तो करारात मागून घ्यावा लागतो.

प्रस्तावांचे प्रकार आणि ‘उचल’

फोनवर सगळे प्रस्ताव सारखेच ऐकू येतात. कागदावर ते साधारण चार प्रकारांत मोडतात.

पहिला एकरकमी सर्वहक्क. पैसे एकदाच आणि हक्क कायमचे. दुसरा हस्तांतर अधिक वाटा. हक्क कंपनीचे, पण कमाईतला ठरलेला टक्का तुमचा. तिसरा परवाना. मालकी तुमची आणि कंपनीला ठरावीक वर्षांसाठी वापरण्याची मुभा. मुदत संपली की गाणं पुन्हा पूर्णपणे तुमचं. चौथा बांधिलकीचा करार : ‘पुढची तीन वर्षं जे लिहाल ते आमचं.’ भविष्यातल्या रचनांचे हक्कही आधी लिहून देता येतात. रचना तयार होताच ते लागू होतात. म्हणून या चौथ्या प्रकारात सर्वांत जास्त काळजी घ्यावी. दरमहा ठरलेली रक्कम, किमान किती गाणी कंपनी प्रत्यक्ष प्रकाशित करणार, आणि न घेतलेली गाणी परत केव्हा मिळणार, ही तीन उत्तरं लेखी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

वाट्याच्या करारात ‘अॅडव्हान्स’ असतो. बीड जिल्ह्यात याचा अर्थ सांगावा लागत नाही. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून घेतलेली उचल जशी हंगामभर तोडीच्या पैशांतून फिटते, तसाच हा अॅडव्हान्स तुमच्या वाट्यातून फेडला जातो. तो फिटेपर्यंत हातात नवं काही येत नाही. जिल्ह्यातल्या घराघरांत उचलीबद्दल जे प्रश्न विचारतात, तेच इथे विचारायचे. फेडीत काय काय धरणार? व्हिडिओचा खर्च माझ्या खात्यावर लावणार का? एका गाण्याची उचल दुसऱ्या गाण्याच्या कमाईतून कापणार का? फिटली नाही तर परत मागणार का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशी लेखी हवीत.

दोन प्रस्तावांचा हिशेब

आकडे समोर मांडले की निर्णय सोपा होतो. समजा, एका गाण्यासाठी दोन प्रस्ताव आहेत. पहिला : १५,००० रुपये एकरकमी, मास्टरसह सर्व हक्क. दुसरा : ५,००० रुपये उचल आणि मास्टरच्या कमाईत २५ टक्के वाटा.

दुसऱ्या प्रस्तावातून १५,००० रुपये हातात पडायचे, तर २५ टक्के वाटा १५,००० व्हावा लागेल, म्हणजे गाण्याने ६०,००० रुपये मिळवायला हवेत. पहिले २०,००० मिळेपर्यंत फक्त उचल फिटत असते. आता करारात ‘खर्च वजा जाता’ असं लिहिलेलं असेल आणि व्हिडिओवर ४०,००० खर्च झाला असेल, तर तीच बरोबरी गाठायला गाण्याला १,००,००० मिळवावे लागतील. एका शब्दाने गणित इतकं बदलतं. म्हणून ‘वाटा कितीचा’ या प्रश्नासोबत ‘कशातला’ हाही प्रश्न विचारावा : एकूण कमाईतला की खर्च वजा करून उरलेल्यातला. खर्च वजा होणार असेल तर त्याची कमाल मर्यादा आकड्यात लिहून घ्यावी आणि हिशेब वर्षातून दोनदा मिळावा असं कलम घालावं.

शब्द-चालीची रॉयल्टी या गणिताबाहेर आहे. ती दोन्ही प्रस्तावांत तुमचीच. कंपनी ती आपल्या वाट्यात मिसळून दाखवत असेल तर ती वेगळी काढायला सांगा.

कोणतं गाणं द्यावं, कोणतं राखावं

सगळी गाणी एकाच तराजूत तोलू नयेत. किती काळ वाजणार, हा पहिला निकष.

निवडणुकीचं प्रचारगीत उमेदवाराच्या नावावर बांधलेलं असतं. निकालानंतर त्याला मागणी राहत नाही. सराफाच्या दुकानाची जाहिरात, शाळेचं स्वागतगीत यांचंही तसंच. अशा कामाला एकरकमी चांगले पैसे घ्यावेत आणि सही करावी. फक्त वापर त्याच निवडणुकीपुरता, त्याच दुकानापुरता असं लिहावं, म्हणजे तीच चाल पुढे दुसऱ्या कामाला वापरता येईल.

दरवर्षी परत येणारं गाणं वेगळं असतं. १४ एप्रिलची भीमगीतं, आषाढीच्या वारीतली गाणी, गणपतीची गाणी, देवीची गाणी दर वर्षी त्या त्या दिवसांत पुन्हा वाजतात. पहिल्या वर्षी अशा गाण्याची कमाई किरकोळ दिसते, म्हणून ते स्वस्तात दिलं जातं, आणि नंतरची वीस-तीस वर्षं ते दुसऱ्याच्या खात्यावर वाजत राहतं. कॉपीराइट कर्त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. गदिमांचं निधन १९७७ मधलं, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सिन्नरजवळच्या देशवंडीचे आणि महाराष्ट्रभर गायले जाणारे वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत चालेल. आज तुम्ही लिहिलेलं जयंतीचं गाणं चांगलं असेल, तर त्याचा हक्क तुमच्या नातवंडांपर्यंत पोचू शकतो. असं गाणं परवान्यावर द्यावं. ते शक्य नसेल तर मुदत घालून द्यावं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. गाणं गावात कुठे वाजतं आणि पैसे कुठून येतात, या दोन वेगळ्या बाबी आहेत. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ, तसंच खरे धार्मिक विधी यांना कायद्याने सूट आहे. वरातीत डीजेवर तुमचं गाणं शंभरदा वाजलं तरी त्यातून रॉयल्टी येत नाही. ती येते रेडिओ, दूरचित्रवाणी, ऑनलाइन मंच, हॉटेलं, तिकिटाचे कार्यक्रम यांतून. गावातली लोकप्रियता तिकडे पोचण्यासाठी गाण्याची नोंद नीट असावी लागते.

हक्काचे पैसे हातात येण्यासाठी

कायद्याने दिलेला वाटा आपोआप खात्यात जमा होत नाही. गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. ती १९६९ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय मुंबईत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये तिची नव्याने कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी झाली. सदस्यत्वाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देताना २०१२ नंतर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी रेडिओ वाहिन्यांनी द्यायला हवी, अशी भूमिका घेतली. म्हणजे हा हक्क न्यायालयातही उभा राहतो आहे. गायकांसाठी ‘इसाम्रा’ ही वेगळी संस्था आहे.

सदस्यत्वाचा क्रम महत्त्वाचा आहे. संस्थेला दिलेल्या हक्कांच्या विरोधात जाणारं नंतरचं हस्तांतर कायद्याने रद्दबातल ठरतं. म्हणून आधी सदस्य व्हावं आणि मग कंपनीच्या करारावर सही करावी. ‘मी सदस्य आहे, माझा रॉयल्टीचा वाटा संस्थेमार्फतच येईल’ एवढं एक वाक्य करारात घालून घ्यावं.

सदस्य झाल्यावर प्रत्येक गाण्याची नोंद करायची : गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, प्रत्येकाचा वाटा. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. कंपनीकडून तो मागून घ्यावा आणि आपल्या नोंदीत लिहावा. गाणं जिथे जिथे टाकलं जाईल तिथे गीतकार म्हणून तुमचं नाव ठरलेल्या एकाच पद्धतीने लिहिलं जावं. एका ठिकाणी आडनाव, दुसरीकडे टोपणनाव असं झालं की पैसे जुळवणं अवघड होतं.

रचना तुमची आहे याचा पुरावाही तयार ठेवावा. हक्क रचना होताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंद प्राथमिक पुरावा ठरते. एका साहित्य किंवा संगीत रचनेसाठी शुल्क ५०० रुपये आहे. प्रत्येक गाण्यासाठी एवढं करणं परवडत नसेल, तर कंपनीला पाठवण्याआधी शब्द आणि मोबाइलवरचं मुद्रण स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावं. तारखेची नोंद तिथे राहते.

सहीपूर्वीची शेवटची तपासणी

करार हाती आला की दोन दिवस मागावेत. प्रामाणिक कंपनी तेवढे देते. या दोन दिवसांत मराठीत प्रत्येक कलमाचा अर्थ एका ओळीत लिहून काढावा आणि पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या देशांत, हे चारही लिहिलेलं आहे का? मोबदला आकड्यात आणि तारखेसह आहे का? गीतकार म्हणून नाव कुठे आणि कसं दिसेल? स्वतःचं गाणं स्टेजवर, जयंतीच्या मिरवणुकीत, कीर्तनात गाण्याची मोकळीक राखली आहे का? अनेक करारांत ती नकळत जाते आणि मग कवीला स्वतःचंच गाणं म्हणायला परवानगी मागावी लागते. वर्षभर गाणं प्रकाशित केलं नाही तर हक्क परत येतील का? आणि वाद झाल्यास न्यायक्षेत्र कोणतं?

या शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं. कॉपीराइटचा भंग झाला तर कर्ता जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा करण्याची सोय ६२ व्या कलमात आहे. उमापूरच्या गीतकाराला बीडला जाता येतं. पण करारातून उद्भवणाऱ्या वादांसाठी ‘फक्त मुंबई’ असं लिहून सही केली असेल, तर त्या वादासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागतील. तेवढी ऐपत नसणारा माणूस खटला सुरू होण्याआधीच माघार घेतो. ‘बीड’ लिहायला कंपनी तयार झाली नाही, तर निदान ‘फक्त’ हा शब्द काढायला सांगावा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती यांच्याकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. करार घेऊन तिथे जावं आणि विचारावं. सही आधीच झालेली असेल आणि अटी फारच जाचक असतील, तर ५ वर्षांनंतर हस्तांतर रद्द करण्याची मागणी कर्त्याला करता येते. न मिळालेल्या रॉयल्टीची वसुली त्याआधीही मागता येते.

आता सहीचा निर्णय. गाणं थोड्या दिवसांचं असेल, रक्कम योग्य असेल, नाव आणि स्टेजवरची मोकळीक राखलेली असेल, तर एकरकमी प्रस्ताव स्वीकारावा आणि पुढचं गाणं लिहायला घ्यावं. गाणं दरवर्षी वाजणारं असेल तर मुदत, वाटा आणि हिशेब यांवर अडून बसावं. आणि कंपनी एकाही कलमात बदल करायला तयार नसेल, तर गाणं आपल्याकडे ठेवून ते स्वतः प्रकाशित करण्याचा विचार करावा. आज तेही फोनवरूनच होतं. गावातल्या कवींनी हे एकमेकांना सांगितलं, एकाने केलेला करार दुसऱ्याला वाचायला दिला, दर एकमेकांना कळवले, तर पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा बोलणी बरोबरीने होतील. शब्द आपले आहेत, त्यांची अट घालण्याचा अधिकारही आपलाच आहे, आणि तो वापरण्याची वेळ सहीच्या आधीची असते.